नानांनी पुसलेली रेघ

सगळ्यात आधी सांगून टाकते — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. म्हणजे अजिबातच नाही! इथले चकव्याचे आणि पिंपळाखालच्या बाईचे अनुभव वाचून मी कित्येकदा हसलेय, दोन-तीन ठिकाणी खोचक कमेंट पण टाकलीय (सॉरी हां त्यांना). फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय मी. आमच्याकडे एखादी गोष्ट कळली नाही की आम्ही म्हणतो, अजून नीट मोजलं नाही. पण ही गोष्ट मी कितीतरी महिने मोजतेय... आणि जुळतच नाहीये.

अनुभव माझ्या आजोबांचा आहे. शेवटचा थोडासा माझा. मी भराभर टाईप करते, चुका झाल्या तर समजून घ्या.

आजोबांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. मूळ गाव तिसगाव, पाथर्डीकडचं. पण पंचविशीच्या आत नोकरीसाठी नगरला आले ते शेवटपर्यंत भिंगारमध्येच राहिले. (आता अहिल्यानगर, पण नाना नगरच म्हणायचे, मी पण तेच लिहिते.) अगदी साधा माणूस. चहा बशीत ओतून पिणार, रेडिओला स्वतःच्या हाताने शिवलेली खोळ घालणार. एकच विचित्र सवय होती — घरातून कुणी बाहेर पडलं की संध्याकाळपर्यंत झाडू लावू द्यायचे नाहीत. माणूस गेल्या गेल्या केर काढू नये हे आपल्याकडे सगळ्याच घरांत असतं, ते नाही म्हणत मी. पण इतर घरांत पाच-दहा मिनिटं थांबतात! आमच्याकडे पूर्ण दिवस. मी सकाळी सातला कॉलेजला गेले की आईचा झाडू संध्याकाळपर्यंत दाराआड.

आई वैतागायची. "नाना, अहो पोरगी कॉलेजात गेलीय, लढाईवर नाही!"

नाना यावर उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. आम्हाला वाटायचं रागावले. राग नव्हता तो... पण ते कळायला मला तेवीस वर्षं लागली.

झालं असं की मागच्या पावसाळ्यात एका दुपारी मी नानांच्या खाटेवर लोळत मोबाईल बघत होते. विलायतेतल्या एका गोल्फ कोर्सचा व्हिडिओ आला. नाव लिहीत नाही, पण जगात फेमस आहे, मोठी चॅम्पियनशिप होते तिथे. मला गोल्फमधलं शून्य कळतं. पण ते मैदान! अहो, काय सुंदर होतं ते... समुद्र अगदी लागून, वरती राखाडी आभाळ, आणि खाली असं हिरवं की डोळ्यांना गार वाटावं. गवतावरून वारा गेला की सगळी जमीन श्वास घेतेय असं वाटत होतं. शेवटच्या होलच्या मागे एक छोटं पांढरं घर, त्याच्यामागे लाटा. मी म्हटलं, "नाना, बघा ना किती भारी!"

नानांनी चष्मा लावला. बघितलं.

स्क्रीनवर एक खेळाडू शेवटचा फटका मारायला उभा होता. नानांनी स्क्रीनवर बोट टेकवलं — त्यामुळे व्हिडिओ थांबला, त्यांना ते कळलं पण नाही — आणि बॉलपासून बोट सरळ वर नेलं, समुद्राच्या बाजूला, होल सोडून भलतीकडेच... आणि मग हळूच वळवून होलमध्ये आणलं.

"आसा जाईल," म्हणाले.

मी हसले. "नाना, तो वेडा आहे का तिकडे मारायला?" आणि प्ले दाबलं.

बॉल तसाच गेला. सेम. नानांचं बोट गेलं होतं त्याच रेघेवरून. होलपासून लांब, समुद्राकडे, मग जणू कुणी हाक मारल्यासारखा वळला आणि आत.

नानांनी आयुष्यात टीव्हीवर कधी गोल्फ पाहिलं नव्हतं. चॅनेलवर चुकून लागलं तरी उठून जायचे. मी विचारलं, "नाना, तुम्हाला कसं कळलं?"

तर नाना रडत होते. आवाज न करता. मी माझ्या नानांना त्याआधी कधीच रडताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहितेय. आजीला सुद्धा त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

तर, साल बहात्तर-त्र्याहत्तर. दुष्काळ. नाना तेव्हा चोवीस वर्षांचे, नुकतं लग्न झालेलं, आजी गरोदर — म्हणजे माझे पप्पा पोटात. गावाकडे विहिरी आटलेल्या, सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला. नाना त्यातून सुटले कारण नगरच्या कॅम्पाच्या बाजूला जे गोल्फ ग्राउंड होतं तिथे त्यांना माळ्याचं काम मिळालं होतं. पर्मनंट नाही, रोजावर.

आता हे ग्राउंड म्हणजे व्हिडिओतल्यासारखं हिरवं वगैरे डोक्यात आणू नका. नाना म्हणाले, "आमचं गिराउंड म्हंजी माळरान गं. बाभळी, कुसळं, आन् मधी नऊ झेंडं." पाणीच नव्हतं, तर गवत कुठून येणार? त्यामुळे होलच्या भोवती जिथे हिरवळ असते तिथे इथे वाळू असायची. बारीक वाळूत जळकं ऑईल कालवून, धुम्मसाने चोपून गोल चौथरा केलेला, तपकिरी. म्हणून त्याला ग्रीन नाही, ब्राऊन म्हणायचे. अशी नऊ ब्राऊन. ऑईलमुळे वाळू वाऱ्याने उडत नाही, पण तिच्यावर काहीही उमटतं. बूट, पक्ष्याचे पाय, सगळं. बॉल गेला की त्याची रेघ राहते, करंगळीएवढी रुंद.

नानांचं काम काय, तर रोज संध्याकाळी शेवटचा खेळणारा गेला की नऊच्या नऊ ब्राऊन गुळगुळीत करायची. एका लाकडी पट्टीला गोणपाट ठोकलेलं. होलपासून सुरुवात करून गोल गोल फिरत बाहेर यायचं, गोणपाट मागे ओढत. म्हणजे आपण चालतो ती पावलं आपल्याच मागून पुसली जातात. बाहेर पडलं की आत काहीच नाही. कोऱ्या पाटीसारखं.

हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर आहे.

तिथे रोज एक रिटायर्ड मेजरसाहेब खेळायला यायचे. मराठीच होते. बायको लवकर गेलेली, एकच मुलगा, अभय. तो पण सैन्यात, रणगाड्यांवर लेफ्टनंट. सुट्टीवर आला की बापलेक एकत्र खेळायचे आणि बॅग उचलायला नाना. अभय डावखुरा होता, त्याच्यासाठी साहेबांनी डाव्या हाताच्या काठ्या कुठून कुठून मागवल्या होत्या. अख्ख्या ग्राउंडवर डाव्या हाताने खेळणारा तो एकटाच. आणि बडबड्या! नानांना "लक्ष्मणराव" म्हणायचा.

"लक्ष्मणराव, हे बघा," असं म्हणून त्याने एकदा खिशातून मासिकाचं पान काढून दाखवलं. रंगीत. समुद्र, हिरवळ, पांढरं घर.

"हितं तळं हाय का काय छोटे सायेब?"

"समुद्र आहे! आणि हे शेवटचं ग्रीन. दिसायला सपाट, पण भलतंच बेरकी आहे. भलेभले फसतात. बॉल कुठून वळतो तेच कळत नाही. मी आणि बाबा जाणार आहोत तिथे. तुम्ही येता?"

"आमी आलो तर हितली वाळू कोन वढल?"

"तिथे वाळू नाही ओढावी लागत, लक्ष्मणराव. तिथे सकाळी गवतावर दव असतं, त्यावर पावलं उमटतात. ऊन आलं की आपोआप पुसली जातात."

नाना म्हणाले, हे वाक्य ते कधीच विसरले नाहीत.

ही गोष्ट एक्काहत्तरच्या उन्हाळ्यातली. अभय म्हणत होता याच सुट्टीत जाऊ या. साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी रे. कोर्स काय पळून जातोय?"

डिसेंबरात लढाई झाली. अभय आला नाही. तार आली. मग एक पत्र, आणि त्याच्या सामानाची एक पेटी. बाकी काही आलंच नाही, म्हणजे... समजून घ्या. अंत्यदर्शन वगैरे काहीच नाही.

त्यानंतर दोन महिने साहेब दिसले नाहीत. मग एक दिवस आले. एकटेच. नऊ होल खेळले. नवव्या ब्राऊनवर होलमधून बॉल काढताना वाकले ते तसेच वाकून राहिले. आणि तिथूनच म्हणाले, "लक्ष्मण, पोचला असेल का रे तो?"

"कुटं सायेब?"

"तिथे. त्या ग्रीनवर. मी नाही नेलं त्याला. आता... कुणी अडवायला नाही ना. स्वतःच गेला असेल का?"

नाना "आसंल सायेब," म्हणाले.

मग हे रोजचंच झालं. सबंध वर्षभर. नवव्या ब्राऊनवर आले की साहेब विचारायचे, कधी चेष्टेत, कधी नुसतं पुटपुटत — "पोचला असेल का रे?" आणि नाना म्हणायचे, "आसंल सायेब."

आता खरी गोष्ट.

होळीच्या आधीचे दिवस. दुष्काळ पार टोकाला गेलेला. नाना सकाळी उजाडायच्या सुमाराला ग्राउंडवर पोचायचे, नऊ ब्राऊनवर एक चक्कर टाकायची, कुत्रं-बित्रं फिरलं असेल तर पुन्हा गोणपाट ओढायचं. आठ ब्राऊन कोरी करकरीत. नवव्यावर आले, आणि मधे काहीतरी दिसलं.

दोन बुटांचे ठसे. खिळ्यांचे बूट असतात ना गोल्फचे, ते. शेजारी शेजारी, माणूस उभा राहतो तसे. आणि त्यांच्यापुढून निघालेली बॉलची रेघ.

नाना आधी चिडले. म्हणजे पहाटे कुणीतरी चोरून खेळून गेलं. पण मग बघतच राहिले... कारण तिथपर्यंत येणारी पावलं नव्हती. जाणारी पण नव्हती. चौथऱ्याच्या कडेपासून त्या ठशांपर्यंत चांगली सहा-सात पावलं वाळू, आणि सगळी कोरी. काल नानांनीच ओढलेली, गोणपाटाच्या गोल गोल रेषा सुद्धा तशाच. मधेच दोन बूट. जसं काही वरून कुणी अलगद ठेवलं.

आणि रेघ. होलकडे जातच नव्हती. उजवीकडे, भलत्याच बाजूला सरळ गेलेली, मग वळलेली. होलच्या हातभर बाजूने जाऊन पुढे संपलेली. बॉल? नाही. उचलायला गेलेली पावलं? नाही.

माझ्यातली फिजिक्सवाली इथे लगेच बोललीच. "नाना, जमीन उताराची असेल हो."

नाना म्हणाले, "मला बी वाटलं. म्हनून मी ताटली ठिवली मधी, पानी वतून. दुष्काळात पेयाचं पानी वतलं गं मी, बघाया! पानी जरा हाललं न्हाई. मंग बॉल सोडून बघितला हातानं. धा बारा डाव. सरळ जायचा. येक डाव बी न्हाई वळला."

ब्राऊन सपाटच असतं. ते सपाट असावं म्हणून तर माणूस ठेवतात! सपाट वाळूवर गोल बॉल वळेल कसा? मला कुणी सांगा प्लीज. वारा म्हणाल तर सांगते, त्या बॉलला वळवेल असा वारा वाळूवर बाकी काही न हलवता येत नाही.

आणि अजून एक. होलकडे तोंड केलं तर ते ठसे रेघेच्या उजव्या अंगाला होते. नेहमीच्या माणसाचे डाव्या अंगाला असतात. डावखुरा असेल तरच उजवीकडे.

नानांना कळलं. तिथेच, त्या मिनिटाला कळलं. आणि त्यांनी काय केलं?

पुसलं.

कारण तिकडून मुकादम येत होता. मुकादम म्हणजे सगळ्या माळ्यांवरचा माणूस. वाईट नव्हता तो, पण तोंडाचा फटकळ. "काय रं लक्ष्या, कुनाची वरात गेली व्हय ब्राऊनवरून? डोळं हायती का बटनं? खडी फोडायला माणसं कमी पडत्यात तिकडं, जातू का?" नानांनी गोणपाट ओढलं. एका फेरीत सगळं गेलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेच ठसे, तीच रेघ, पण फरक पडत होता — पहिल्या दिवशी होल हातभर चुकलेलं, मग वीतभर, मग चार बोटं. कुणीतरी शिकत होतं. रोज येऊन तोच एक फटका पुन्हा पुन्हा मारून बघत होतं. आणि नाना रोज पुसत होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "पोचला असेल का रे?" आणि नानांच्या तोंडून "आसंल" निघेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. एक काटकी घेऊन ब्राऊनच्या बाहेर धुळीत ती रेघ काढून दाखवली. सरळ, उजवीकडे, मग वळण.

साहेब त्या रेघेवर वाकले. मग पाकिटातून तेच मासिकाचं पान काढलं. अभयच्या पेटीतून आलं होतं ते. घडीवर फाटायला आलेलं. नानांनी ते आधी पाहिलं होतं, कोरं होतं तेव्हा. आता त्या शेवटच्या ग्रीनवर पेन्सिलीने एक रेघ काढलेली होती. सरळ, समुद्राकडे, मग वळण, होलमध्ये. तिकडे सीमेवर बसून काढली असेल त्याने कधीतरी.

धुळीतली आणि कागदावरची रेघ... एकच.

साहेब रडले नाहीत. फक्त विचारलं, "आत गेला का?"

"न्हाई अजून. आज चार बोटांनी चुकला."

"चार बोटं," साहेब म्हणाले. "म्हणजे अजून पोचायचाय. लक्ष्मण, आता पुसू नकोस. काही झालं तरी नववं पुसायचं नाही. शब्द दे."

नानांनी शब्द दिला.

दुसऱ्या दिवसापासून साहेब पहाटेच येऊन बाभळीखाली खुर्ची टाकून बसायला लागले. आणि काहीच येईना! एक दिवस, दोन दिवस, आठवडा गेला. नववं ब्राऊन न झाडलेलं, त्यावर चिमण्यांचे पाय, मुंगसाची धाव, वाळका पाला. साहेब गुडघ्यावर बसून एकेक ठसा बघायचे. "हा काय असेल रे?" "त्यो होला हाय सायेब, पारव्यावानी पाखरू." "आणि हा?" "त्यो बी होलाच." नाना म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसाला पाखरांच्या पायांत पोरगं शोधताना बघणं... नंतर त्यांना ते सहनच होईना. बाहेरून एवढा करारी माणूस.

मग साहेबांना ताप भरला. एक दिवस आले नाहीत. नाना संध्याकाळी बंगल्यावर जाऊन आले, साहेब पांघरूण घेऊन पडलेले. "उद्या पण जमेल असं वाटत नाही. तू बघ हं," एवढंच बोलले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी...

पाला बाजूला झालेला. म्हणजे उडालेला नाही, फक्त रेघेच्या वाटेवरचा बाजूला झालेला. दोन ठसे. रेघ निघालेली, उजवीकडे, वळलेली, आणि होलच्या ओठावरून आत. थेट आत. पुढे काही नाही.

नाना म्हणाले, "मी व्हलमधी हात घातला. बॉल न्हवता. पर वाळू वल्ली लागली गं हाताला. आन् वास आला... मी समुद्र बघितला न्हाई कदी. पर त्यो वास ह्या मुलखातला न्हवता."

ओली वाळू. दुष्काळात.

नानांना उड्या माराव्याशा वाटल्या. साहेबांना बोलवायचं! पण तेवढ्यात मुकादम आला, आणि आज तो चेष्टेत नव्हता. दुपारी बाहेरगावचे पाहुणे खेळायला येणार होते. "नववं काय उकिरडा केलाय का? आत्ताच्या आत्ता ओढ."

"मामा, येक तासभर थांबा. मेजरसायबांला बलावून आनतो. त्यांनी पुसू नगं म्हनलंय."

"मेजरसायेब रिटायर झालं. मी न्हाई झालो अजून. ओढतो का घरी जातो? बायकोला कितवा म्हयना चाललाय रं तुज्या?"

नानांनी ओढलं.

नाना म्हणाले, "सायकल हुती माझी. बंगला पंधरा मिन्टावर. मी पळालो अस्तो तर मुकादम काय करनार हुता? मला काडलं अस्तं. काडू द्याचं हुतं. पर मी ओढलं. व्हलपासून सुरू केलं, आन् गोल फिरत बाहीर आलो. मागं वळून बघितलं तर काय बी न्हवतं."

चार दिवसांनी साहेब आले. काठी टेकत. नववं ब्राऊन पाहिलं, गुळगुळीत. नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "पाव्हनं आल्तं सायेब. मुकादमानं वढाया लावलं."

"असू दे," साहेब म्हणाले. "त्याआधी काही आलं होतं का?"

आता बघा. इथे नानांनी फक्त "व्हय" म्हणायचं होतं. बाकी काही नाही. व्हय सायेब, आत गेला. पण दिलेला शब्द मोडला होता, समोर आजारी माणूस उभा, आणि नानांना वाटलं की हे आलं होतं आणि मी पुसलं असं सांगितलं तर हा माणूस इथेच कोसळेल. त्यांच्या तोंडून निघून गेलं —

"न्हाई सायेब. काय न्हवतं आलं."

साहेबांनी मान हलवली. टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "म्हणजे नाही पोचला."

आणि निघून गेले. त्यानंतर कधीच खेळायला आले नाहीत.

नववं ब्राऊन नाना मग अधूनमधून मुद्दाम न पुसता ठेवायचे. काही उमटलं नाही. आत गेलेला बॉल पुन्हा कोण मारतं?

पंधरा-वीस दिवस नाना धीर गोळा करत होते. सांगायचंच असं ठरवून एकदा बंगल्यावर गेले तर कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, बहिणीकडे गेले कायमचे. पत्ता कुणाकडे नव्हता. दिवाळीच्या आसपास कळलं, साहेब गेले.

"पन्नास वर्सं झाली," नाना मला म्हणाले. "त्या मानसाला येकच विचारायचं हुतं. त्याचं उत्तर माझ्यापाशी हुतं. आन् मी पुसलं, आन् वर खोटं बोललो."

मी म्हटलं, "नाना, तुम्ही चांगल्यासाठीच..."

"गप," म्हणाले. "चांगल्यासाठी न्हाई. भ्यालो हुतो."

मग मला कळलं झाडूचं. इतकी वर्षं आम्ही हसायचो त्याला. कुणी घराबाहेर पडलं की नाना संध्याकाळपर्यंत जमीन तशीच ठेवायचे...

आता माझा भाग. छोटासाच आहे.

नाना या पौषात गेले. झोपेतच, शांतपणे. आमच्याकडे पद्धत आहे, तुमच्याकडे पण असेल — जिथे माणूस गेला त्या जागी परातीत पीठ चाळून पसरतात, वर टोपली उपडी घालतात, शेजारी दिवा. दुसऱ्या दिवशी टोपली उचलून बघायचं, पिठात कशाची पावलं उमटलीत. त्यावरून म्हणतात की माणूस कोणत्या जन्माला गेला. मी दरवेळी याची टिंगल करायचे. त्या दिवशी मात्र पीठ मीच चाळलं. माझ्या हाताने. एकदम सपाट केलं, परात हलवून हलवून.

सकाळी आत्याने टोपली उचलली. सगळे वाकले.

"पाऊल न्हाई काही," आत्या म्हणाली. "मुंगी फिरलीय नुसती."

एक रेघ होती. बारीक. परातीच्या कडेपासून निघालेली, सरळ, उजवीकडे, मग वळलेली. आणि जिथे संपली तिथे छोटासा गोल खळगा. बोटाचं टोक टेकवल्याएवढा. आत पीठ जरा ओलसर.

पप्पा म्हणाले मुंगी. काका म्हणाले दिव्याचं तेल उडालं असेल. असेल! मी खरंच सांगतेय, मला पण तेच म्हणायचंय. मुंगी सरळ जाते, वळते, मधेच गायब होते, होऊ शकतं. तेलाचा थेंब टोपलीखाली कसा गेला ते माहीत नाही, पण होऊ शकतं. नानांनी मला आधी सांगितलं नसतं तर मी दुसऱ्यांदा बघितलं पण नसतं.

आत्याने परात उचलायला हात घातला, पीठ नदीत सोडायचं म्हणून, आणि मी एवढ्या जोरात "थांब!" ओरडले की शेजारच्या काकू धावत आल्या. आई माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीच माहीत नव्हतं. मी परातीपाशी खाली बसले आणि मला दुसरं काही सुचेचना, मी त्या पिठाकडे बघून मोठ्याने म्हटलं, "साहेब, पोचला होता तो. आत गेला होता. नानांनी पाहिलं होतं."

सगळ्यांना वाटलं पोरीला धक्का बसलाय. आईने मला जवळ घेतलं.

फोटो काढलाय मी. इथे टाकत नाही, कारण फोटोत ते नुसतं पीठ दिसतं. सपाट ब्राऊनवर बॉल का वळला, कधीच तिथे न गेलेल्या अभयला त्या ग्रीनचा उतार इतका नेमका कसा माहीत, परातीत काय फिरलं, यातल्या एकाचंही उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर सांगा, चिडवलंत तरी चालेल, मी पण खूप चिडवलंय लोकांना.

त्या दिवशी घरात संध्याकाळपर्यंत झाडू लागला नाही. आईनेच दाराआड ठेवून दिला, मी न सांगता.